गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन ठरतंय : टेंडन कुठला घ्यावा आणि पुढचं गावात कसं निभवावं?

सुरूबन | 4 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी लिहितोय. वय 19, कॉलेजचं दुसरं वर्ष, आमच्या गावच्या मुलींच्या कबड्डी संघाची मुख्य चढाईपटू. आम्ही गुहागर तालुक्यातले.

जानेवारीतल्या एका स्पर्धेत बोनस घेऊन मागे फिरताना कोपरारक्षक मुलीनं तिचा घोटा धरला. पाऊल मातीत घट्ट राहिलं, अंग वळलं आणि गुडघा आत गेला. 'टक्' असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, मुका मार म्हणून गोळ्या आणि क्रेप बँडेज देऊन घरी पाठवलं. थोड्या दिवसांनी सूज उतरली, लंगडणं गेलं, आम्हीही निर्धास्त झालो. मग एकदा कळशी घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरताना गुडघा एकदम सटकला. पडली नाही, पण तेव्हापासून तिला त्या पायावर भरवसाच वाटत नाही.

चिपळूणला एमआरआय केला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय आणि आतल्या बाजूच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चीर आहे. डॉक्टर म्हणाले दुर्बिणीतून नवीन लिगामेंट बसवावं लागेल, मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून.

आई म्हणते, आधी हाडवैद्याकडे नेऊ, ओढून बसवतील. बाबांना वाटतं चालतेय ना, मग चिरफाड कशाला. बहिणीचा एकच प्रश्न आहे, परत चढाई करता येईल का? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. एका जागचा टेंडन काढून दुसरीकडे लावला तर पहिली जागा अधू होत नाही का, हेही मला कळत नाहीये.

---

मालवणी_मसालो | 4 फेब्रुवारी

माझ्या घोवाचो गुडघो असोच गेललो. ऑपरेशन झाला, आता माडार चढता. माका एकच सांगूचा आसा, व्यायाम चुकवू नको. बाकी डॉक्टर सांगतीत.

---

डॉ_वाशिष्ठी | 5 फेब्रुवारी

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय तुमच्या बहिणीबद्दल नेमका सल्ला देणार नाही, पण घरात बसून निर्णय घ्यायला जे माहीत हवं ते सविस्तर लिहितो.

आधी आईंच्या मुद्द्याचं. कृपा करून गुडघा ओढू किंवा चोळू देऊ नका. एसीएल हे मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरकं जोडणारं लिगामेंट आहे, लांबी साधारण साडेतीन सेंटीमीटर. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा फिरू नये हे त्याचं काम. ते निसटलेलं नाही, तुटलेलं आहे. त्यामुळे बाहेरून ओढून बसवण्यासारखं तिथे काही नाही. शिवाय मेनिस्कसला चीर आहे, ती वाढेल.

एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही, म्हणून पहिल्या दिवशी हा निदानाचा घोळ फार जणांच्या बाबतीत होतो. गुडघा पिरगळला, आवाज आला आणि काही तासांत सूज आली, एवढं ऐकलं तरी एसीएलची शंका घ्यायला हवी, कारण ती सूज बहुतेक वेळा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. हाताची तपासणीही उत्तम असते. गुडघा जरासा, 20 ते 30 अंशात वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. लिगामेंट असेल तर नडगी एका जागी ठाम अडते, नसेल तर मऊपणे पुढे येत राहते. हिला लॅकमन चाचणी म्हणतात. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन ती शिकवत, 1976 मध्ये त्यांच्या शिष्याने ती छापून जगापुढे आणली. एमआरआय नसलेल्या गावातही ही करता येते.

हे लिगामेंट आपोआप का जुळत नाही? सांध्याबाहेरचं लिगामेंट फाटलं की तिथे रक्ताची गाठ धरते आणि त्या आधाराने नवी ऊती वाढते. एसीएल सांध्यातल्या द्रवात असतं, तिथे गाठ टिकत नाही आणि तुटलेली टोकं लोंबत राहतात. शिवून पाहण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मेयो रॉबसन यांनी 1895 मध्ये एका खाणकामगाराची क्रुशिएट लिगामेंट्स (एसीएल त्यांतलंच एक) शिवली होती. पुढे अनुभव असा आला की नुसतं शिवलेलं बहुतेकदा टिकत नाही. 1917 मध्ये हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी हाडातल्या बोगद्यातून ओवून नवं लिगामेंट केलं. आजची शस्त्रक्रिया त्याच विचारावर चालते, फक्त आता सगळं दुर्बिणीतून होतं. मधल्या काळात कृत्रिम धाग्यांची लिगामेंट्सही आली. ती तुटली, झिजली, त्यांच्या कणांनी सांधे सुजले. म्हणून आपल्याच शरीरातला टेंडन घेतात.

आता बाबांचा प्रश्न, करायलाच हवं का? तो अगदी रास्त आहे. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या लोकांवर एक अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायाम, उरलेल्यांना आधी फक्त व्यायाम, लागलीच तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था जवळपास सारखी होती. दुसऱ्या गटातल्या साधारण 40 टक्के लोकांना तोवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती, बाकीच्यांचं व्यायामावर भागलं. तेव्हा प्रत्येक तुटलेल्या एसीएलला चाकू लावावा असं अजिबात नाही. पण कबड्डीसारखा वळणाचा, अंगाला अंग भिडणारा खेळ खेळायचा असेल, आणि साध्या पायरीवर गुडघा सटकत असेल, तर माझं मत शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. गुडघा दर वेळी सटकतो तेव्हा गादी आणि हाडावरचं कूर्चेचं आवरण घासलं जातं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

घाई मात्र करू नका. गुडघा सरळ होतोय, सूज गेली आहे, मांडीचा स्नायू आवळता येतोय, एवढं झालं की मगच. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर केलं तर नंतर तो कायमचा आखडू शकतो. अपवाद एकच, गादीचा तुकडा अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा अडला असेल तर थांबायचं नाही.

टेंडनबद्दल रात्री लिहितो, ओपीडी आहे.

---

देवरुख_मास्तर | 5 फेब्रुवारी

डॉक्टर, फार छान लिहिलंत. मी त्या 'बाकीच्यां'पैकी एक. शाळेच्या मैदानावर खो-खो शिकवताना एसीएल गेलं तेव्हा चाळिशी उलटली होती. मला खेळायचं नव्हतं, शिकवायचं होतं. फिजिओकडे नेटानं व्यायाम केला, मांडी मजबूत केली. आज सायकल चालवतो, डोंगर चढतो, शेतावर जातो. उतारावर आणि ओल्या बांधावर जपून पाय टाकतो, अचानक वळत नाही. पण सुरूबन, मी 45 वर्षांचा शिक्षक आहे आणि तुमची बहीण 19 वर्षांची चढाईपटू आहे. माझं उदाहरण तिला लावू नका, बाबांना मात्र जरूर सांगा की शस्त्रक्रिया टाळणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. व्यायाम मलाही तेवढाच करावा लागला.

---

डॉ_वाशिष्ठी | 5 फेब्रुवारी, रात्री

टेंडनचं.

हॅमस्ट्रिंग: गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली, छोटी चीर देऊन सेमिटेन्डिनोसस आणि बहुतेकदा जोडीला ग्रॅसिलिस असे दोन लांब टेंडन काढतात. ते दुमडून चार पदर करतात. दोन्ही हाडांत बोगदे पाडून त्यातून हे ओवायचं, वर मांडीच्या हाडाबाहेर टायटेनियमचं छोटं बटण अडकवायचं आणि खाली नडगीत स्क्रू. पहिली जागा अधू होते का? थोडी होते. गुडघा खूप वाकवलेल्या स्थितीत मागे खेचायची ताकद काहीशी कमी राहू शकते. पण त्या भागात इतर स्नायू आहेत, आणि गंमत म्हणजे काढलेला टेंडन बऱ्याच जणांत काही महिन्यांत पुन्हा काही प्रमाणात वाढतो. अडचण वेगळी आहे. बारीक अंगाच्या मुलींत हे टेंडन बारीक निघतात. चार पदरांची जाडी 8 मिलिमीटरच्या खाली गेली तर पुन्हा तुटण्याचं प्रमाण वाढतं. मग पाच-सहा पदर करावे लागतात. तुमच्या डॉक्टरांना हे आधीच विचारा, टेंडन बारीक निघाला तर तुमचा बेत काय?

वाटीखालचा टेंडन: गुडघ्याच्या वाटीपासून नडगीपर्यंत जो टेंडन असतो त्याच्या मधला तिसरा हिस्सा, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढतात. हाड हाडाला सहा ते आठ आठवड्यांत धरतं, म्हणून हा पक्का बसतो. तरुण खेळाडूंच्या मोठ्या अभ्यासांत हा हॅमस्ट्रिंगपेक्षा कमी वेळा तुटलेला दिसतो. बदल्यात गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू शकतं, विशेषतः गुडघे टेकल्यावर.

मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूचा टेंडन हल्ली अधिक वापरला जातो, जाड आणि भरवशाचा असतो. आणि आपल्याकडे घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगसही बरेच सर्जन घेतात. मृत दात्याचा टेंडन तरुण खेळाडूंत जास्त तुटतो, म्हणून या वयात मी तो सुचवणार नाही.

अजून एक गोष्ट जरूर विचारा. 14 ते 25 वयाच्या 618 जणांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये आला. सगळ्यांना हॅमस्ट्रिंगच बसवला, पण निम्म्यांना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने मांडीच्या पट्टीचा एक जादा आधार दिला. दोन वर्षांत नुसत्या हॅमस्ट्रिंगवाल्यांपैकी 11 टक्क्यांचा टेंडन तुटला, जादा आधारवाल्यांपैकी 4 टक्क्यांचा. तुमची बहीण वयाने आणि खेळाने त्याच गटात बसते.

---

राजापूरची_गंगा | 6 फेब्रुवारी

माझा वाटीखालचा टेंडन घेतला होता. गुडघा दणकट आहे, सटकणं कायमचं गेलं. पण भात लावताना चिखलात उकिडवं बसणं, सारवण करताना गुडघे टेकणं, देवासमोर बसून उठणं, यात पुढच्या बाजूला अजून टोचतं. शहरातल्या माणसाला याचं काही वाटणार नाही. आमच्यासारख्यांचं निम्मं काम जमिनीलगत असतं. कोणता टेंडन हे ठरवण्याआधी मुलीचं रोजचं काम काय आहे ते डॉक्टरांना सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. खेळाचं सगळे विचारतात.

---

हर्णैबंदर | 6 फेब्रुवारी

माझा घोट्याजवळचा, पेरोनियस. होडीवर जाळं ओढताना पाय दोरात अडकला आणि गुडघा फिरला. मला भीती होती की हलत्या होडीवर घोटा टिकेल का, कारण तोल सगळा तिथेच. सुरुवातीला घोट्याच्या बाहेर ओढ लागायची. फिजिओनं एका पायावर उभं राहायचा सराव खूप करून घेतला, आधी फरशीवर, मग गादीवर. आता मासेमारीला जातो. पण पावसाळी बंदी संपल्या संपल्या जायची घाई केली नाही, तो अख्खा हंगाम तांडेलानं (होडीच्या प्रमुखानं) मला बंदरावरच्या कामाला ठेवलं, त्याचे उपकार आहेत.

@डॉक्टर, तो टेंडन काढल्यावर घोटा कोण सांभाळतं?

---

डॉ_वाशिष्ठी | 6 फेब्रुवारी

शेजारचा पेरोनियस ब्रेव्हिस. तो तसाच ठेवलेला असतो, आणि बहुतेकांचा घोटा त्यावर व्यवस्थित चालतो. तरीही ज्यांचं काम किंवा खेळ घोट्याच्या जोरावर आहे त्यांनी हे आधी बोलून घ्यावं. राजापूरताईंचा मुद्दा अगदी बरोबर, मी तो आजपासून माझ्या रुग्णांना आवर्जून विचारीन.

---

आंबा_घाट | 7 फेब्रुवारी

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजना फक्त अंगीकृत रुग्णालयात चालते, आणि ठरलेल्या उपचारांनाच. तेव्हा दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, एमआरआयचा अहवाल दाखवा आणि ही शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का ते स्पष्ट विचारा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. खासगीत करणार असाल तर बटण आणि स्क्रूची किंमत वेगळी धरली आहे का, गादी शिवावी लागली तर त्याचे जादा किती, हे लिहून घ्या. आम्ही कोल्हापूरला केलं. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच झाला, घाट ओलांडून तपासणीला जायचा गाडीखर्च मात्र चालूच राहिला. जवळ चांगला सर्जन असेल तर जवळच करा.

---

निवळी_फाटा | 8 फेब्रुवारी

मी फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी भागात काम करते. डॉक्टरांनी टेंडनचं सगळं सांगितलंच आहे. मला पुढच्या महिन्यांबद्दल पोटतिडकीनं लिहायचंय, कारण आपल्याकडे घरं ऑपरेशनसाठी पैसे जमवतात आणि व्यायामासाठी वेळ ठेवत नाहीत.

आधी हे समजून घ्या की बसवलेला टेंडन त्या दिवशी लिगामेंट नसतो. जागेवरून काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या बऱ्याच पेशी मरतात. मग सांध्याच्या अस्तरातून त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने धागे काढून नवे विणले जातात. या उलथापालथीत तो आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू बळकट. सगळ्यात कच्चा काळ साधारण दीड ते तीन महिन्यांचा. बोगद्यातही टेंडनने हाड धरायला दोन-तीन महिने लागतात. आणि नेमक्या याच काळात दुखणं थांबलेलं असतं, सूज गेलेली असते, मुलगी अंगणात भरभर चालत असते, आणि घरचे म्हणतात, 'बरी झाली की!' ओल्या काँक्रीटमध्ये उभा केलेला खांब सरळच दिसतो, त्याला दोर बांधून होडी ओढायची नसते.

पहिल्या पंधरवड्यात एकच ध्यास ठेवा, गुडघा पूर्ण सरळ. दुसऱ्या पायाइतका. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं, म्हणून घरची माणसं मायेनं उशी ठेवतात. ठेवू नका. गुडघा त्या वाकड्या स्थितीतच आखडतो आणि मग तो सरळ करायला महिनोन्‌महिने जातात. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू दे आणि मांडी आवळून तो खाली दाबायचा. सुरुवातीला मांडीचा स्नायू आज्ञा घेतच नाही. मुली माझ्याकडे बघतात, जोर लावतात, कपाळावर घाम येतो आणि मांडी हलत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सुजलेला सांधा त्या स्नायूला दाबून ठेवतो. तळहात मांडीवर ठेवून, रोज थोडं थोडं, तो जागा होतो.

गादी शिवली तर मात्र सगळा हिशेब बदलतो. मग काही आठवडे वजन टाकायला आणि 90 अंशांपलीकडे वाकवायला मनाई असू शकते. तुमचे सर्जन सांगतील तेच खरं, इथलं वाचून काही करू नका.

घराची तयारी आधी करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. न्हाणीघरात बसायला स्टूल. कुबड्यांच्या तळाच्या रबरी टोप्या झिजलेल्या नकोत, आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर घासून काढा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय.

आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी खास. वाळूत चालणं पायाला चांगलं असं सगळे सांगतील. सुरुवातीच्या महिन्यांत नाही. मऊ वाळूत पाऊल कुठेही वळतं आणि किनारा उतरता असतो, सगळा पीळ गुडघ्यावर. जखम पूर्ण भरल्यावर पोहणं चांगलं, पण बेडकासारखे पाय मारायचे नाहीत आणि विहिरीत उडी तर अजिबात नाही.

---

सुरूबन | 9 फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. हाडवैद्याचा विषय संपला. बाबा मास्तरांचं ऐकून जरा वेळ शांत बसले, मग म्हणाले, मुलीला खेळायचंय, तर करू. बहीण आतापासूनच रोज व्यायाम करतेय. आईचा एक प्रश्न, पायाचं सूप द्यावं का?

---

निवळी_फाटा | 9 फेब्रुवारी

द्या की, आवडत असेल तर. त्याने लिगामेंट जुळणार नाही, पण प्रथिनं पोटभर हवीतच. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, उसळी, जे घरात होतं ते रोज. घरात कुणी तंबाखू किंवा सिगारेट ओढत असेल तर तिच्याजवळ नको, आणि ती स्वतः घेत नाही हे गृहीत धरते.

---

सुरूबन | 14 जून

धागा वर काढतोय. मार्चच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. हॅमस्ट्रिंगच घेतला, पाच पदर करावे लागले आणि बाहेरून जादा आधारही दिला. डॉक्टरांना तो प्रश्न विचारला तेव्हा तेच म्हणाले की त्यांच्याही मनात होतं. गादीची चीर लहान होती, शिवायला लागली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चिरेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, हात लावला तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटतं असं ती म्हणते. आणि दुसरं, तिला आता काहीच त्रास नाही. चालते, चढते, सायकल मारते. संघाची मंडळी घरी येऊन गेली, नोव्हेंबरपासून स्पर्धा सुरू होतात, तेव्हा उतरव म्हणतात. तिचंही मन धावतंय. विनेश फोगाटचं उदाहरण देते, ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकची फायनल गाठली.

---

डॉ_वाशिष्ठी | 14 जून

बधिरपणा अपेक्षित आहे. टेंडन काढतो तिथून त्वचेची एक बारीक नस जाते, ती दुखावते. बहुतेकांत ती जागा हळूहळू लहान होते, काहींत थोडी राहते. ताकदीशी तिचा संबंध नाही. लाली, ताप, पाणी येणं किंवा पोटरीत अचानक दुखून सूज आली तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

नोव्हेंबरबद्दल माझं उत्तर 'नाही'. कारण फिजिओताई सांगतील.

---

निवळी_फाटा | 15 जून

सुरूबन, फेब्रुवारीत लिहिलेला सगळ्यात कच्चा काळ आत्ता कुठे सरतोय, टेंडन अजून पक्का झालेला नाही. तिला जे बरं वाटतंय ते खरं आहे, पण टेंडनच्या आत काय चाललंय ते तिला जाणवू शकत नाही.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं. मार्चपासून नऊ महिने म्हणजे डिसेंबर. आणि नुसती तारीख पुरत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, ऑपरेशनचा पाय चांगल्याच्या निदान 90 टक्के हवा. एका पायावर लंगडीसारखी लांब उडी, मग सलग तीन उड्या, दोन्ही पायांचं अंतर टेपनं मोजायचं. उडीवरून उतरताना गुडघा आत कोसळतो का हे समोरून मोबाइलवर शूट करून बघायचं. हे सगळं पार झालं की मग सराव, आधी एकटीनं वळणं, मग पकड नसलेली चढाई, मग हलकी पकड, आणि सगळ्यात शेवटी सामना. कबड्डीत समोरचा तुमचा पाय धरून फिरवतो, त्यामुळे मी धावपटूपेक्षा कबड्डीपटूला अधिक थांबवते. माझ्या हाताखालच्या मुलींना मी पुढच्या हंगामाचाच शब्द देते.

विनेशचं उदाहरण तिला जरूर द्या, पण पूर्ण द्या. तिच्यामागे रोजचा फिजिओ होता, मोजमाप होतं. ऋषभ पंतही द्या. 30 डिसेंबर 2022 ला अपघात, जानेवारीत लिगामेंटची शस्त्रक्रिया आणि मैदानावर परतला तो मार्च 2024 च्या आयपीएलमध्ये. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही गुडघ्यानं घाई करू दिली नाही.

तोवर संघानं तिला घरी बसवू नये. गुण लिहायला, चढाया बघून सांगायला बोलवा. खेळाडू मैदानापासून तुटली की व्यायामही सोडते, हे मी फार वेळा पाहिलंय.

---

सुरूबन | 16 जून

तिला दोन्ही प्रतिसाद दाखवले. रात्री जेवली नाही नीट. सकाळी उठून टेप मागितला.

तिचा प्रश्न जसाच्या तसा: "संघातल्या बाकीच्या मुलींचं असं होऊ नये म्हणून काही करता येतं का?" आमच्याकडे सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या आणि लगेच पकडी.

---

निवळी_फाटा | 16 जून

येतं, आणि मुलींच्या संघात तर करायलाच हवं, कारण वळणाच्या खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. फुटबॉलवाल्यांनी 'फिफा 11+' नावाचा सराव तयार केला, तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती घटल्याचं दिसलंय. साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून निदान दोनदा. हळू धावणं, बाजूला धावणं, दोन्ही पायांवर बैठका, एका पायावर तोल, पोटाचे व्यायाम, मग मांडीमागचा एक व्यायाम ज्यात गुडघ्यावर बसून जोडीदारानं घोटे धरायचे आणि सरळ अंगानं सावकाश पुढे झुकायचं. शेवटी उड्या. उतरताना आवाज कमीत कमी यावा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा, आत जाऊ नये.

कबड्डीसाठी मी यात पकडीत सापडल्यावर पाऊल उचलून वळायचा सराव घालते, रुतलेल्या पावलावर वळायचं नाही. हे बघायला तिच्याइतकी चांगली नजर संघात कुणाची नसेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, व्यायामांची यादी आणि माझे व्हिडिओ पाठवते. पावसात मैदान चालणार नाही, शाळेचा हॉल मिळतो का बघा.

---

देवरुख_मास्तर | 16 जून

ताई, मलाही पाठवा. आमच्या खो-खोच्या मुलींना याच आठवड्यापासून सुरू करतो. हॉल आहे.